'पी' हा शब्द चुकीतून जन्मला का?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीतला 'पी' म्हणजे वाटाणा हा शब्द चुकीतून आला हे खरं का, आणि असे आणखी शब्द आहेत का.

खरं आहे. मूळ शब्द लॅटिन 'पिसुम'वरून आलेला. जुन्या इंग्रजीत एक दाणा 'पिसे' आणि अनेक दाणे 'पिसन'. पुढे 'पिसे'चं 'पीज' झालं. त्यातला 'ज' शब्दाच्या अंगचाच, पण तोवर 'स-ज' लावून अनेकवचन करायची रीत सगळीकडे बसली होती. ऐकणाऱ्याला वाटलं, हे अनेकवचनच. मग एका दाण्याला काय म्हणायचं? शेपूट छाटलं, 'पी' उरलं. ही गोष्ट 17 व्या शतकातली. 'पीज पुडिंग' या पदार्थाच्या नावात जुनं रूप अजून शाबूत आहे.

वाटाणा सुटा मोजतं कोण, म्हणून असं झालं असावं, असं मला आधी वाटायचं. 'चेरी'लाही ते लागू पडतं. तीही नॉर्मन फ्रेंच 'शेरीज'चं शेपूट जाऊनच झाली. पण 'शेरी'पाशी गाडी अडते. स्पेनमधल्या हेरेस गावची ही वाइन, इंग्रजांच्या तोंडी आधी 'शेरिस'. वाइनचे काही दाणे नसतात! तिथे नुसत्या शेवटच्या 'स'नेच घात केला.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतलं. तिथे अनेकवचनाची खूण शब्दाच्या सुरुवातीला लागते, आणि 'मा-' ही त्यातलीच एक. इंग्रजी 'मडगार्ड' तिथे 'मादिगादी' झालं. सुरुवातीला 'मा' दिसला, म्हणजे ही अनेक. तर मग एक? 'दिगादी'. याला चूक तरी कसं म्हणायचं, व्याकरण अगदी चोख पाळलंय.

इंग्रजीत शाबासकी देताना वापरतात तो ग्रीक 'कुडोस' एकवचनी, तरी त्यातून 'कुडो' काढणारे हल्ली दिसतात. त्यांना हसणारे लोक 'पी' मात्र बिनदिक्कत वापरतात.

आपल्याकडे उलटा प्रकार झालाय. अरबीत 'अमीर'चं अनेकवचन 'उमरा' आणि 'हाल'चं 'अहवाल'. मराठीत एकच माणूस उमराव असतो आणि एकच कागद अहवाल. 'अहवालांमध्ये' म्हणतो तेव्हा आपण अनेकवचनाचंच पुन्हा अनेकवचन करत असतो.