लेकीला रोबोटिक सर्जन व्हायचंय

नाशिकच्या सिडकोतून एका आईचं पत्र आलं आहे. सासऱ्यांची प्रोस्टेट कॅन्सरची शस्त्रक्रिया रोबोटच्या साहाय्याने झाली आणि तेव्हापासून अकरावीतल्या मुलीने रोबोटिक सर्जन व्हायचंच, असा ध्यास घेतला आहे. तिने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवलं आहे. वडील अंबडला सीएनसी मशीनवर काम करतात. त्यांना वाटतं, तिने रोबोटिक्सचं इंजिनिअरिंग करावं. नातेवाईक म्हणतात, पुरुषांच्या आजारांत मुलीने कशाला पडायचं? आणि बारावीनंतर रोबोटिक सर्जरीचं सर्टिफिकेट मिळवून देणारा कोर्स कुणीतरी सुचवला आहे.

ताई, नमस्कार.

आधी त्या कोर्सचं. त्यात एक रुपयाही घालू नका. बारावीनंतर थेट रोबोटिक सर्जन होता येत नाही. आधी डॉक्टर, मग सर्जन, मग युरॉलॉजिस्ट, म्हणजे किडनी, मूत्रमार्ग आणि प्रोस्टेटचा सर्जन, आणि त्यानंतर रोबोट, हाच क्रम आहे.

तिच्या बाबांना एक फरक नक्की सांगा. त्यांच्या मशीनला प्रोग्रॅम दिला की ते आपलं आपण धातूचा तुकडा कापतं. ऑपरेशन थिएटरमधला रोबोट स्वतःहून एक टाकासुद्धा घालत नाही. सर्जन काही फुटांवर कन्सोलला, म्हणजे रोबोट चालवायच्या टेबलाला, बसतो, आतलं दृश्य त्रिमितीत आणि कितीतरी मोठं करून पाहतो. त्याच्या बोटांची हालचाल जेमतेम आठ मिलिमीटरच्या छिद्रांतून आत गेलेल्या, मनगटासारख्या वळणाऱ्या हत्यारांपर्यंत पोहोचते आणि हाताचा कंप वाटेतच गाळला जातो. रुग्णाजवळ दुसरा डॉक्टर उभा असतोच. प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली, अगदी अडचणीच्या जागी असते. लैंगिक क्षमतेच्या नसा तिला चिकटून जातात आणि लघवीवर ताबा ठेवणारा स्नायू लगतच असतो. म्हणून तिथे या यंत्राचा उपयोग. किडनीतली गाठ काढतानाही तसंच: रक्तवाहिनीला चिमटा लावून गाठ कापायची आणि साधारण पंचवीस-तीस मिनिटांच्या आत टाके पुरे करायचे, म्हणजे उरलेली किडनी वाचते.

पण यंत्राने सगळं होत नाही, हेही तिला आत्ताच कळू द्या. ब्रिस्बेनमध्ये तीनशेहून अधिक पुरुषांवर झालेला अभ्यास २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. रोबोटने केलेल्या प्रोस्टेट शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी झाला, घरी लवकर जाता आलं. मात्र बारा आठवड्यांनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत उघड्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यातून माझं मत पक्कं झालं आहे: यंत्र कोणतंही असो, मोल शरीररचना जाणणाऱ्या हाताचं. ते हात तयार व्हायला वर्षं लागतात.

किती? 'नीट' ही प्रवेशपरीक्षा देऊन एमबीबीएस, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मग 'नीट पीजी' देऊन जनरल सर्जरीत एमएस ही पदव्युत्तर पदवी, तीन वर्षं. मग 'नीट एसएस' देऊन युरॉलॉजीत एमसीएच किंवा डीआरएनबी ही त्यापुढची पदवी, आणखी तीन. सरकारी महाविद्यालयांत बंधपत्राची सेवा येते, प्रवेशपरीक्षेत एखादं वर्ष जातं. म्हणजे स्वतंत्र युरॉलॉजिस्ट होईतो तिशी ओलांडलेली असेल. रोबोटचं शिक्षण शेवटच्या टप्प्यात किंवा त्यानंतरच्या फेलोशिपमध्ये: आधी सिम्युलेटरवर, म्हणजे नकली शस्त्रक्रियेच्या यंत्रावर, सराव, मग टेबलाशेजारी सहाय्यक, मग वरिष्ठांच्या नजरेखाली कन्सोल. एवढी वर्षं घरखर्चाला हातभार लावायचं दडपण तिच्यावर येणार नाही ना, याचा विचार तुम्ही दोघांनी आजच करा.

आणि तिला हेही विचारा, की रोबोट नसला तरी हे काम आवडेल का? युरॉलॉजिस्टचा बहुतेक दिवस मूतखडे, वाढलेली प्रोस्टेट, लघवी अडकलेले आजोबा यांतच जातो. दुर्बीण आणि लेझर रोजचे, रोबोट मोठ्या रुग्णालयांत आणि निवडक रुग्णांसाठी. मूतखड्याच्या कळांनी तळमळणाऱ्या माणसाला मोकळं करण्यात जिला समाधान वाटेल, तिनेच या वाटेला यावं.

आता नातेवाईकांचं म्हणणं. ते मनातून पार काढून टाका. किडनी, मूत्राशय बायकांनाही असतात. बाळंतपणानंतर खोकताना लघवी सुटणं, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग, अवघड बाळंतपणात पडलेला फिस्टुला, म्हणजे मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यातलं छिद्र, हे सगळं युरॉलॉजिस्टकडे येतं. कित्येक जणी पुरुष डॉक्टरसमोर हे बोलायला लाजतात आणि वर्षानुवर्षं अंगावर काढतात. आपल्याकडे महिला युरॉलॉजिस्ट अजून फार थोड्या आहेत. तुमची लेक त्यांतली एक झाली, तर आपल्या जिल्ह्यातल्या बायकांना ती हवीच आहे.

पैशांबाबत: सरकारी जागा हेच लक्ष्य ठेवा. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी राज्याच्या सीईटी सेलकडे, म्हणजे प्रवेशपरीक्षा कक्षाकडे, वेगळी नोंदणी लागते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी गटांत बसत असाल आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून आलेल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला नाही. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर आत्ताच काढून ठेवा. ऐन प्रवेशाच्या वेळी सेतू केंद्रावर गर्दी असते.

बाबांचा पर्यायही टाकाऊ नाही. तिला यंत्राच्या आत काय चालतं याचंच कुतूहल असेल, तर बायोमेडिकल किंवा मेकॅट्रॉनिक्स ही खरी दिशा. असे रोबोट भारतातही बनू लागले आहेत. एसएसआय मंत्रा हा गुरुग्रामच्या कंपनीचा. थिएटरमध्ये काम करायचंय पण इतकी वर्षं नकोत, तर आपल्याच म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम आहे, तीन वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यात ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञाची शाखा आहे.

गणित सोडू देऊ नका. 'नीट'सोबत एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचे गणित आणि जीवशास्त्र असे दोन्ही गट देता येतात, त्यामुळे बारावीच्या निकालापर्यंत एकही दार बंद होत नाही. आणि येत्या सुट्टीत, सासऱ्यांच्या फेरतपासणीला तिलाच सोबत पाठवा. ओपीडीत बसून पाहू दे, डॉक्टरांना दोन प्रश्न विचारू दे. परत आल्यावर तिला काय वाटलं, ते मला तिच्याच हाताने लिहायला सांगा.