दहा दिवसांसाठी ग्वाटेमालाला जाऊ की पैसेच पाठवू?

"मावशी, मी मूळची नगरची, सध्या नोकरीसाठी अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या टल्साला. आमच्या चर्चची तुकडी दहा दिवस ग्वाटेमालातल्या सांतियागो आतित्लानला चालली आहे, गरीब घरांतून चुली बांधायला. माणशी दोन हजार डॉलर खर्च. मैत्रीण म्हणते, तेवढे पैसेच पाठव, तुम्ही नुसते फोटो काढून येणार. आई म्हणते, देवाचं काम आहे, जा. तिची आई मिशनच्या बोर्डिंगात शिकली, त्यामुळे तिला ते मनापासून वाटतं. माझं स्पॅनिश अगदी जेमतेम. मी उपयोगी पडेन की अडगळ होईन? — नगरची लेक"

लेकी,

मैत्रिणीचं बोलणं तुला लागलं, पण त्यात तथ्य आहे. तुझ्या तिकिटाच्या पैशांत तिथे बऱ्याच चुली उभ्या राहतील, आणि तिथला गवंडी तुझ्यापेक्षा चांगली बांधेल. म्हणून आधी तुकडीच्या प्रमुखांना दोन गोष्टी विचार. कुठल्या घरी चूल हवी, हे कोणी ठरवलं? आणि गवंडी गावातला आहे का, त्याला पुरती मजुरी मिळते का? घरं तिथल्या लोकांनी निवडली असतील आणि तू गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणार, माल कालवणार असशील, तर खुशाल जा. यादी टल्सात बसून झाली असेल तर जाऊ नकोस. दुपारी अनाथाश्रमातल्या मुलांशी खेळायचा कार्यक्रम असेल, तर त्याला मात्र स्पष्ट नाही म्हण. अशा ठिकाणच्या बऱ्याच मुलांचे आईबाप हयात असतात, आणि दर पंधरवड्याला नव्या माणसाचा लळा लागून तुटणं कुठल्याच लेकराला सोसत नाही.

चुलीचं काम मात्र खरंच गरजेचं आहे. तिथेही आपल्यासारखी तीन दगडांची चूल, खोलीतच धूर, पाठीशी तान्हं बांधलेली बाई मक्याचे तोर्तिया हातावर थापत बसलेली. नव्या चुलीवर लोखंडी पत्रा असतो आणि धुराडं छपरातून बाहेर काढतात. बांधण्याआधी त्या बाईला समोर उभं करून चुलीची उंची किती हवी ते विचारा. पुढची कित्येक वर्षं तिलाच तिथे उभं राहायचं आहे, तुमच्यातल्या सहा फुटी पोराला नाही.

स्पॅनिशची धास्ती नको. सांतियागोत घरची भाषा त्सुतुहील, तिथल्या मूळ रहिवासी माया लोकांच्या भाषांपैकी एक. एखाद्या आजीबाईंचं स्पॅनिश तुझ्याइतकंच अडखळत असेल. 'माल्त्योश' म्हणजे आभार, तेवढं पाठ करून जा आणि मोठ्यांशी बोलताना 'उस्तेद' म्हण, म्हणजे आपलं 'तुम्ही'. कॉफी पुढे आली तर नाकारू नकोस.

तुमच्याच ओक्लाहोमाचे फादर स्टॅनली रॉदर १९६८ मध्ये या गावी गेले. शेतकऱ्याचा मुलगा, लॅटिन जमेना म्हणून सेमिनरीतून, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेतून, परत पाठवलेला. तिथे मात्र त्सुतुहील शिकले आणि बायबलचा नवा करार त्या भाषेत आणायला हातभार लावला. देशातल्या यादवीत मारायच्या माणसांच्या यादीत नाव आल्यावर १९८१ च्या सुरुवातीला घरी आले, पण ईस्टरपर्यंत परतले. २८ जुलैला रात्री त्यांना तिथेच मारलं. गावासोबत ते तेरा वर्षं राहिले होते. तू दहा दिवसांत कुणाचं आयुष्य बदलणार नाहीस, हे मनाशी पक्कं ठेव.

ती यादवी १९६० ते १९९६ चालली. दोन लाखांहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, बहुतेक माया समाजातली. याच गावात डिसेंबर १९९० मध्ये लष्कराच्या गोळीबारात १३ जण गेले. म्हणून एखाद्या म्हातारीला तिच्या नवऱ्याबद्दल आपणहून विचारू नकोस. तिने सांगितलं तर ऐक.

आता फोटोंचं. तुझी आजी शिकली तशा बोर्डिंगांतल्या मुलींचे फोटो मिशनच्या मासिकांतून अमेरिकेत वर्गणीदारांसमोर जायचे. मुलींना कोण विचारणार? आपण कुणाच्या घरात शिरतो आणि कुणाची लेकरं दाखवून पैसे उभे करतो, हे तुझ्या तुकडीत तुझ्याइतकं कुणालाच उमगणार नाही. ते तू बोलून दाखव, जायच्या आधीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. मला तुझं जाणं योग्य वाटतं ते मुख्यतः यासाठी.

प्रमुखांना आज रात्रीच लिही. उत्तर द्यायची टाळाटाळ झाली तर नाव मागे घे आणि पैसे तिथे चुली बांधणाऱ्या स्थानिक लोकांकडे पोचतील असं बघ. आईला कसं समजवायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.

— मावशी