घात कधी आली म्हणायची?

प्रश्न : आमच्याकडे जुनी माणसं रब्बीच्या तोंडावर ‘घात आली’, ‘घात गेली’ असं म्हणतात. घात म्हणजे दगाफटका ना? मग शेतात तिचा अर्थ काय? वाफसा आणि घात एकच का? ती ओळखायची कशी?
— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : दगाफटक्याचा घात पुल्लिंगी, तो होतो. शेतातली घात स्त्रीलिंगी, ती येते. रान कामाला जोगं झालं की घात आली. बोलताना वाफसा आणि घात एकमेकांच्या जागी सर्रास येतात, पण फरक आहे. वाफसा ही मातीची स्थिती, घात ही कामाची वेळ. म्हणून कुळवणीची (कुळवानं रान भुसभुशीत करण्याची) घात, कोळपणीची (उभ्या पिकातलं तण काढण्याची) घात, पेरणीची घात असं म्हणतात.

नुसती ओल म्हणजे वाफसा नव्हे. पाऊस थांबल्यावर जादा पाणी खाली निचरतं, मोठ्या पोकळ्यांत हवा शिरते, बारीक पोकळ्यांत पाणी राहतं. बियाला दोन्ही लागतं.

ओळखण्यासाठी माती वरची घेऊ नका, बी जिथं पडणार तिथली घ्या. ज्वारीसाठी सुमारे ५ सेंटिमीटर खालची. मुठीत दाबून लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून रवाळ झाला तर घात आली. चपटा होऊन बसला तर थांबा. लाडू वळतच नसेल तर घात गेली. एकाच शेतात चार-पाच ठिकाणी पाहा, कारण खोलगट भाग हमखास मागं राहतो. मुरमाड माळावर मात्र लाडू मुळातच नीट वळत नाही. तिथं कुळव थोडा चालवून त्याच्या फाशीला, म्हणजे लोखंडी पात्याला, माती चिकटते का, एवढंच बघावं. माळाची घात लवकर येते नि लवकर जाते; खोल काळ्या रानाची उशिरा येते.

घाई केली तर पाभरीचे, म्हणजे पेरणीच्या औजाराचे, नळे खालून चिखलानं तुंबतात. चाड्यावरचा (नळ्यांवरच्या वाटीत बी सोडणारा) माणूस बी सोडत राहतो, पण ते खाली पडत नाही आणि ओळीच्या ओळी नांग्या पडतात, म्हणजे रिकाम्या राहतात. ट्रॅक्टरच्या चाकाखाली ओली काळी माती दाबून बसते, वाळली की ढेकळं फुटता फुटत नाहीत. हे नुकसान हंगामभर पुरतं. उशीर झाला तर वरचा थर सुकतो, बी कोरड्यात पडतं आणि उगवण विरळ होते. अशा वेळी किंचित खोल पेरावं. पाभरीमागं लगेच कुळव फिरवून बी झाकावं, दुसऱ्या दिवसावर ठेवू नये.

मालदांडी या रब्बी ज्वारीच्या वाणासाठी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा पेरणीचा शिफारशीचा काळ, बियाणं हेक्टरी १० किलो, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर. पण या महिन्याभरात नेमका दिवस कॅलेंडर ठरवत नाही, घात ठरवते. तारीख जवळ आली म्हणून चिखलात पाभर घालण्यापेक्षा तीन-चार दिवस थांबलेलं केव्हाही बरं.