वाचकांचे प्रश्न : विकलेली गाडी आणि नोंदीतील नाव

प्रश्न : माझी जुनी मोटार मी गेल्या दिवाळीनंतर धुळ्यातील एका व्यापाऱ्याला विकली. त्याने फॉर्म २९ व ३० वर माझ्या सह्या घेतल्या, पूर्ण रक्कम दिली आणि आरसी बुक नेले. गाडी पुढे शिरपूरकडे कोणी घेतल्याचे समजते. परंतु नोंद अद्याप माझ्याच नावावर असून मुंबई-आग्रा महामार्गावरील वेगाची ई-चलने मला येत आहेत. मुद्रांकावर केलेली सौदापावती माझ्याजवळ आहे. ती पुरेशी आहे का? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : पुरेशी नाही. सौदापावतीने विक्री सिद्ध होते, परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ज्याच्या नावे वाहनाची नोंद आहे तोच मालक समजला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले : गाडी एकामागून एक अनेकांनी विकत घेतली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीत नाव असलेल्या पहिल्या मालकावरच आली. म्हणून आपल्याकडे येणाऱ्या चलनांपेक्षा मोठी काळजी अपघाताची आहे, विशेषतः नव्या माणसाने विमा संपू दिला असेल तर.

कलम ५० नुसार विक्रेत्याने त्याच राज्यातील व्यवहाराची सूचना १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला द्यायची असते आणि खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. फॉर्म २९ ही विक्रेत्याने स्वतः द्यायची सूचना आहे. त्यावर सही करून तो व्यापाऱ्याच्या हाती सोपवल्याने ती दिली गेली असे होत नाही. मुदत उलटली असली तरी आता थांबू नये. आपल्या गाडीची नोंद जळगाव कार्यालयाची, म्हणजे एमएच १९ ची असेल, तर तेथे लेखी अर्ज करून त्यासोबत सौदापावती, रक्कम मिळाल्याचा बँकेचा पुरावा आणि व्यापाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जोडावी व पोच घ्यावी. व्यापाऱ्याला नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवून खरेदीदाराचे नाव-पत्ता मागावा, आणि तो टाळाटाळ करू लागल्यास पोलीस ठाण्यात लेखी कळवावे. विक्रीनंतरच्या चलनांवर ऑनलाइन तक्रार नोंदवता येते. तेथेही हीच कागदपत्रे उपयोगी पडतील. फास्टॅग आपल्या खात्याशी जोडलेला असल्यास तो आजच बंद करावा.

व्यापाऱ्याला गाडी देणाऱ्या इतर वाचकांसाठी एक सोय सांगतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे परिवहन विभागाचे प्राधिकारपत्र असलेल्या व्यापाऱ्याला गाडी सोपवताना फॉर्म २९ सी द्वारे ऑनलाइन सूचना देता येते, आणि त्यानंतर पुढील विक्रीपर्यंत तो व्यापारीच मालक मानला जातो. आपल्या भागात जुन्या गाडीचा सौदा बहुधा ओळखीतून होतो आणि त्यामुळे कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे अनेकांना वाटते. तो संकोच बाजूला ठेवावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. प्राधिकारपत्र पाहिल्याशिवाय आणि आपल्या सूचनेची पोच हाती आल्याशिवाय किल्ली देऊ नये.

प्रश्न : वडिलांचे नुकतेच निधन झाले. त्यांची मोटार आम्ही वापरू शकतो का? कर्ज फिटले आहे, पण आरसीवर बँकेचा बोजा दिसतो. — एक वाचक, शहादा

उत्तर : निधनापासून ३० दिवसांत नंदुरबारच्या कार्यालयाला मृत्यूची व गाडी वापरण्याच्या इराद्याची लेखी सूचना दिल्यास तीन महिने गाडी वापरता येते, त्या तीन महिन्यांत वारसाने फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यावी. मृत्यू दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि इतर वारसांचे संमतीचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. बोजा उतरवण्यासाठी बँकेकडून ना हरकत पत्र व फॉर्म ३५ घ्यावा. विमा कंपनीलाही लगेच कळवावे, कारण आपल्याच गाडीचे नुकसान झाले तर विमापत्र कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न प्रथम येतो.