'फारकत' की 'शून्य': चर्चच्या निकालाला मराठीत काय म्हणावं?

जालना जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलंय: मावसबहिणीच्या लग्नाबद्दल कॅथलिक चर्चच्या न्यायासनाचा, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कोर्टाचा, निकाल आलाय. नवरा समलिंगी असल्याचं लग्नानंतर कळलं होतं. गावात कुणी म्हणतं 'चर्चनं फारकत दिली', कुणी 'लग्न रद्द केलं'. बहिणीसाठी आता नवं स्थळ बघायचंय, तर बायोडाट्यात 'घटस्फोटित' लिहावं का?

ताई, 'घटस्फोटित' लिहू नका, आणि बोलताना 'फारकत'ही म्हणू नका. फारकतीचं मूळ 'फारखत', म्हणजे मोकळं केल्याचा लेखी कागद. देणं फिटल्यावर सावकाराकडून घ्यायची तीही फारखतच. सोडचिठ्ठी, काडीमोड, घटस्फोट, सगळ्यांत एक गोष्ट गृहीत आहे: बंध होता, तो तोडला. अशा खटल्यात चर्च मात्र काही तोडतच नाही. दोन बाप्तिस्मा झालेल्यांचं वैध आणि शरीरसंबंधाने पूर्ण झालेलं लग्न मृत्यूशिवाय कशानेही सुटत नाही, असा त्यांचा नियम आहे. न्यायासन फक्त लग्नाच्या दिवसाकडे मागे वळून पाहतं: त्या दिवशी बंध जुळला होता का?

म्हणून 'रद्द केलं' हेही चुकतं. उभी असलेली गोष्ट रद्द होते. इथे क्रियापद हवं 'जाहीर केलं' किंवा 'ठरवलं', आणि विशेषण 'शून्य'. हिंदू विवाह कायद्याच्या मराठीतही 'शून्य विवाह' रुळलेला आहे. गंमत बघा, 'रद्दबातल' या जोडशब्दातला 'बातल' हा एकटा इथे चपखल बसतो. अरबी 'बातिल' म्हणजे मुळातच निष्फळ, आणि मुस्लिम कायद्यात 'बातिल निकाह' म्हणजे कधीच न झालेला निकाह. १९४८पर्यंत निजामाच्या अमलात कचेरीची भाषा उर्दू होती, त्यामुळे हा शब्द मराठवाड्याला परका नाही. आपण त्याला 'रद्द'ची जोड दिली आणि बोलताना दोघांतला फरक पुसला गेला.

घरगुती मराठीत सांगायचं तर त्याहून सोपं आहे. आपण म्हणतो 'लग्न लागलं'. 'लग्न' हा शब्दच संस्कृत 'लग्' धातूचा, चिकटणं या अर्थाचा. मांडव पडला, वऱ्हाड जेवलं, फोटो निघाले, म्हणजे लग्न झालं. पण चर्चच्या दृष्टीने ते लागलंच नव्हतं. आजीला निकाल समजावताना हेच वाक्य वापरा.

आता 'समलिंगी' हे कारण. १९८३च्या कॅथलिक धर्मसंहितेत समलैंगिकता ही विवाहाची आडकाठी म्हणून कुठेही लिहिलेली नाही. सगळा भर संमतीवर आहे: कलम १०५७ म्हणतं, लग्न घडतं ते दोघांच्या संमतीने, आणि ती दुसरं कुणीही भरून देऊ शकत नाही. असे खटले मुख्यतः तीन कलमांखाली येतात. १०९५मध्ये मानसिक स्वरूपाच्या कारणामुळे विवाहाची मूलभूत कर्तव्यं पेलण्याची क्षमता नसणं, १०९८मध्ये सहजीवन गंभीरपणे बिघडवू शकेल अशी बाब संमती मिळवण्यासाठी लपवून केलेली फसवणूक, ११०१मध्ये तोंडाने 'हो' म्हणताना मनातून लग्नच नाकारणं. नुसता कल आहे म्हणून निकाल लागत नाही. १९८७मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोमच्या रोटा न्यायासनापुढे (चर्चचं वरचं अपील कोर्ट) बजावलं होतं की लग्न शून्य ठरतं ते अक्षमतेने, अडचणीने नव्हे. शिवाय बंध खरा होता, या बाजूने मांडणी करायला बंधसंरक्षक नेमलेला असतो.

यावरून एक शब्द मला मनापासून टाळावासा वाटतो: 'नपुंसक'. आपल्याकडे असं प्रकरण निघालं की पारावर पहिला हाच शब्द येतो. नपुंसकत्व हे वेगळं कलम आहे, १०८४. त्याचा आणि समलिंगी असण्याचा संबंध नाही. आणि घरच्यांच्या धाकाने बोहल्यावर चढलेला तो मुलगाही माणूसच आहे, शिवीचा धनी नाही.

'शून्य'ची एक भीती असते: मग मुलं अनौरस का? नाही. दोघांपैकी एकाने जरी सद्भावनेने लग्न केलं असेल, तरी कलम ११३७प्रमाणे त्यातली मुलं औरसच. शून्य ठरतो तो बंध. तुमच्या बहिणीने घालवलेली वर्षं नव्हेत.

बायोडाट्यात एवढंच लिहा: 'पूर्वीचा विवाह चर्चच्या न्यायासनाने शून्य ठरवला आहे.' कारण कागदावर नको. ते समोरच्या घराशी बोलणी पुढे सरकली की तोंडी सांगता येतं. मात्र चर्चच्या निकालाला सरकारी कायद्यात किंमत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे सरकारी कोर्टातही दावा लावावा लागतो. तो लावला असेल, तर कोर्टाचा हुकूमनामा हातात येईपर्यंत त्याच ओळीपुढे 'न्यायालयीन प्रकरण प्रलंबित' असं जोडा, आणि सरकारी फॉर्मवर तोवर 'विवाहित'च लिहावं लागेल. कोर्टाने घटस्फोट दिला, तर सरकारी कागदांपुरता 'घटस्फोटित' हा शब्द बरोबर ठरेल.