रिकॉइल स्प्रिंग किती पौंडांची घ्यावी?

स्पर्धेच्या पिस्तुलातल्या रिकॉइल स्प्रिंगबद्दल, म्हणजे मागे गेलेली स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पुन्हा पुढे आणणाऱ्या स्प्रिंगबद्दल, आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. खाली सांगितलेलं कोणतंही काम करण्याआधी मॅगझिन बाहेर काढा, चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. पिस्तूल उघडताना चष्मा लावा. दाबलेली स्प्रिंग निसटली की तिच्या टोकावरचा प्लग (टोपण) थेट चेहऱ्याच्या दिशेने येतो.

प्रश्न: माझं ९ मिमीचं १९११ पिस्तूल ५ इंची नळीचं आहे. गोळी १२४ ग्रेनची, वेग सरासरी १०५० फूट प्रति सेकंद. सध्या १२ पौंडांची स्प्रिंग आहे. क्लबातली तरुण मंडळी ७ पौंडांवर या म्हणतात, तर एक ज्येष्ठ नेमबाज म्हणतात की हलक्या स्प्रिंगने फ्रेम (पिस्तुलाचा खालचा सांगाडा) खराब होईल. कोणाचं ऐकू?

आधी तुमच्या काडतुसाचा हिशेब मांडू. १२४ गुणिले १०५०, भागिले १०००, म्हणजे पॉवर फॅक्टर (गोळीचं वजन आणि वेग मिळून काडतुसाचा जोर सांगणारा आकडा) १३० झाला. स्पर्धेतल्या ‘मायनर’ म्हणजे कमी जोराच्या गटाची किमान मर्यादा १२५ असल्याने तुम्ही योग्य जागी आहात. १९११ ची मूळ स्प्रिंग १६ पौंडांची असते, पण ती .४५ च्या काडतुसासाठी आहे. तिथे २३० ग्रेनची गोळी ८३० फुटांनी जाते आणि पॉवर फॅक्टर १९१ च्या घरात येतो. तुमच्या स्लाइडला मिळणारी ढकल त्या मानाने बरीच कमी आहे, म्हणून स्प्रिंगही हलकी लागणार. ८ ते १० पौंडांच्या पट्ट्यात तुमचं उत्तर मिळायला हवं. सुरुवात १० पासून करा.

रिकॉइल स्प्रिंग झटका कमी करत नाही. गोळी पुढे जाताना जेवढा धक्का मागे यायचा तेवढा येतोच. तो हाताला कधी आणि कसा जाणवतो, एवढंच स्प्रिंगच्या हातात असतं. जड स्प्रिंग स्लाइडला मागे जाताना जास्त अडवते, त्यामुळे शेवटी स्लाइड फ्रेमवर हळू आदळते. मात्र साठवलेली ताकद ती परत येताना वापरते. स्लाइड जोरात बंद होते आणि नळीचं तोंड निशाण्याच्या खाली झुकतं. हलक्या स्प्रिंगमध्ये उलट घडतं: मागचा ठोका कडक, बंद होणं मवाळ. बहुतेक स्पर्धक हलक्या बाजूला झुकतात ते याच मवाळपणासाठी, कारण पुढची साइट आपोआप जागेवर येऊन थांबते आणि दुसऱ्या गोळीसाठी ती ओढून आणावी लागत नाही.

ज्येष्ठांचं म्हणणं सोडून देऊ नका, पण ते तपासून घ्या. स्लाइड मागे जाऊन फ्रेमला जिथे टेकते ती जागा स्प्रिंग बदलल्यावर दर दोन-तीनशे गोळ्यांनी पाहा. नुसती चकाकी आली असेल तर हरकत नाही. नखाला कड उंचावलेली लागली, म्हणजे धातू बाहेर सरकू लागला असेल, तर एक-दोन पौंड वर जा. १३० च्या काडतुसाला पूर्ण आकाराची पोलादी फ्रेम सहज पुरून उरते. ७ पौंडांची अडचण फ्रेमपेक्षा वेगळी आहे: थोडी काजळी साचली किंवा थंडीत वंगण घट्ट झालं की स्लाइड शेवटचे दोन-तीन मिलिमीटर बंद होत नाही. सरावात तो वैताग असतो, स्पर्धेत अख्खा टप्पा हातचा जातो.

आणखी एक. हॅमरची (ट्रिगर दाबल्यावर ठोका देणाऱ्या घोड्याची) स्प्रिंग हलकी करायची असेल तर ती आधी करा. मागे जाणारी स्लाइड हॅमरही चढवते. हॅमर स्प्रिंग २३ वरून १७-१९ पौंडांवर आणली की तो अडथळा कमी होतो आणि स्लाइड जास्त वेगाने उघडते. आधी काडतूस ठरवा, मग हॅमर स्प्रिंग, रिकॉइल स्प्रिंग सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की तेच काम पुन्हा करावं लागतं.

प्रश्न: ८, ९, १०, ११ पौंडांच्या चार स्प्रिंगचा संच घेतला आहे. रेंजवर नेमकी चाचणी कशी करायची? प्रत्येक वेळी नवी टाकलेली स्प्रिंगच बरी वाटते.

नवी बरी वाटते कारण ती नवी आहे हे तुम्हाला माहीत असतं. म्हणून स्प्रिंग सोबत्याला बदलायला सांगा आणि कोणती घातली ते त्याने सांगू नये. स्प्रिंगच्या टोकाच्या वेढ्याला वेगवेगळ्या रंगाचा ठिपका द्या. चारही दिसायला सारख्या असतात आणि एकदा मिसळल्या की वजन केल्याशिवाय ओळखू येत नाहीत.

आधी वरची मर्यादा शोधा. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा, पिस्तूल कमजोर हातात, मनगट जरा सैल ठेवून धरा आणि झाडा. स्लाइड मागे अडकून राहिली पाहिजे. प्रत्येक स्प्रिंगवर हे पाच वेळा करा. पाचातून एकदाही स्लाइड पुढे आली तर ती स्प्रिंग या काडतुसासाठी जड आहे. रिकामी केस (झाडलेल्या काडतुसाचं कवच) पायाशीच पडत असेल किंवा खिडकीत उभी अडकत असेल तर तेही याच आजाराचं लक्षण.

मग खालची मर्यादा. मॅगझिन गच्च भरा, स्लाइड मागे अडकवा आणि फक्त स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे अडकवणारी कळ) दाबून सोडा. गच्च मॅगझिनमधली काडतुसं खालून स्लाइडला घासतात, त्यामुळे हलक्या स्प्रिंगची खरी परीक्षा पहिल्या काडतुसालाच होते. स्वच्छ पिस्तुलावर ही चाचणी उत्तीर्ण झाली म्हणून खूश होऊ नका. दोन-अडीचशे गोळ्यांनंतर, न पुसता, पुन्हा करा. ज्या स्प्रिंगवर स्लाइड अंगठ्याने ढकलावी लागली ती बाद.

या दोन मर्यादांमध्ये बहुधा दोन स्प्रिंग उरतात. त्यांच्यातली निवड कागदावर करा. १० मीटरवर हाताच्या पंजाएवढं लक्ष्य लावा आणि दोन-दोन गोळ्यांच्या पाच जोड्या झाडा. दुसरी गोळी साइट दिसली की लगेच, साइट दुरुस्त न करता. जोड्यांमधल्या पहिल्या पाच गोळ्यांचा आणि दुसऱ्या पाचांचा पुंजका वेगळा बघता यायला हवा, म्हणून सोबत्याने प्रत्येक जोडीनंतर भोकं खुणावून ठेवावीत. दुसऱ्या गोळ्या सातत्याने खाली जात असतील तर स्लाइड तोंड दाबते आहे: एक पौंड कमी करा. वर जात असतील तर एक पौंड वाढवून पाहा. पण खाली जाण्याचं दुसरं कारणही असतं, झटक्याच्या आधीच हाताने ढकलणं. सोबत्याने तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये एक डमी काडतूस मिसळावं. त्यावर ट्रिगर दाबताना तोंड खाली बुडालं तर दोष स्प्रिंगचा नाही.

मोबाइलवर २४० फ्रेमने चित्रण करता आलं तर बाजूने करा. एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची असते. स्लाइड बंद झाल्यानंतर तोंड खाली जाऊन परत वर येतं का, हे त्यात स्पष्ट दिसतं.

प्रश्न: दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्प्रिंग, दोन्हींवर १० पौंड लिहिलेलं. हाताला मात्र एक चांगलीच कडक लागते. कोणी खोटं बोलतंय का?

तसं नाही. आकडा स्लाइड पूर्ण मागे असतानाच्या दाबाचा असतो, आणि ती ‘पूर्ण मागे’ची लांबी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने धरते. शिवाय तो एकच आकडा अर्धी गोष्ट सांगतो. समजा, एका स्प्रिंगचा दाब स्लाइड बंद असताना ५ पौंड आणि पूर्ण मागे १० आहे, तर दुसरीचा बंद असताना ३ आणि मागे १०. डबीवर दोन्ही १० च्याच. पहिली लांब आणि नरम तारेची आहे. ती स्लाइड घट्ट बंद ठेवते आणि शेवटपर्यंत ढकलते. दुसरी बंद होताना लवकर दमते. त्यामुळे पहिलीचा ‘१०’ हाताला जड वाटतो.

मोजायचं असेल तर जाडी जुळणारी सरळ कांडी घ्या, ती वजनकाट्यावर उभी करून स्प्रिंग तिच्यावर ओवा आणि काटा शून्यावर आणा. कांडीवर दोन खुणा करा: स्लाइड बंद असताना स्प्रिंगची जेवढी लांबी असते ती एक, आणि त्यातून स्लाइडचा पूर्ण प्रवास वजा केल्यावर येते ती दुसरी. भोकाची वॉशर वरून दाबत आधी पहिल्या खुणेपर्यंत न्या, आकडा लिहा, मग दुसऱ्या. किलोला २.२ ने गुणलं की पौंड. १० पौंड म्हणजे साडेचार किलो, म्हणून ५ किलोचा स्वयंपाकघरातला काटा इथपर्यंतच पुरतो. १६ पौंडी स्प्रिंगला १० किलोचा लागेल. संचातल्या सगळ्या स्प्रिंग एकाच काट्यावर, एकाच कांडीवर मोजा. तुलनेला तेवढं पुरेसं आहे.

मोजताना वेढे एकमेकांना टेकतात का तेही कळतं. दुसऱ्या खुणेआधीच स्प्रिंग गच्च बसली तर ती त्या पिस्तुलात घालूच नका. स्लाइड फ्रेमऐवजी स्प्रिंगच्या गठ्ठ्यावर आदळेल.

प्रश्न: ग्लॉक १७, तिसरी पिढी. मूळ १७ पौंडांच्या जागी १३ ची घातली. झटका छान मवाळ झाला, पण कधीकधी ट्रिगर दाबल्यावर काहीच होत नाही आणि पाहिलं तर स्लाइड केसभर मागे असते.

ग्लॉकमध्ये हॅमर नसतो, त्याऐवजी स्लाइडच्या आतला स्ट्रायकर पुढे जाऊन काडतूस पेटवतो. अशा स्ट्रायकरच्या पिस्तुलात दोन स्प्रिंग एकमेकींशी भांडतात. ट्रिगर मागे येताना स्ट्रायकरची स्प्रिंग ताणली जाते आणि तो ताण स्लाइडला मागे खेचतो. रिकॉइल स्प्रिंगने तिला पुढे दाबून धरायचं असतं. तुमची रिकॉइल स्प्रिंग १३ वर आली, स्ट्रायकरची मूळ ५.५ पौंडांचीच राहिली असणार. हॅमरच्या पिस्तुलात ही अडचण येत नाही, म्हणून दुसऱ्यांच्या पिस्तुलातले आकडे इथे उतरवू नयेत.

रिकाम्या पिस्तुलावर तपासा. स्लाइड ओढून सोडा, तोंड सुरक्षित दिशेला वर करून ट्रिगर दाबा आणि दाबलेलाच ठेवा. आता स्लाइड पूर्ण मागे ओढा आणि हाताने हळूहळू पुढे येऊ द्या. ती स्वतःच्या बळावर पूर्ण बंद झाली पाहिजे. मध्येच थांबली तर स्प्रिंग अपुरी आहे. दोन वाटा आहेत. १५ पौंडांवर या, किंवा स्ट्रायकर स्प्रिंग हलकी करा. दुसऱ्या वाटेने कडक प्राइमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) न पेटण्याचा धोका वाढतो. आमचं मत पहिल्या वाटेच्या बाजूने आहे. १३ आणि १५ मधला हाताला जाणवणारा फरक या डोकेदुखीइतका मोलाचा नाही.

प्रश्न: स्लाइडवर रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट) बसवल्यापासून शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकत नाही. मॅगझिन दोनदा बदलून पाहिलं.

डॉट आणि त्याची प्लेट मिळून स्लाइडचं वजन वाढलं, ती हळू झाली आणि पूर्ण मागे पोचेनाशी झाली. एक ते दोन पौंड कमी करा. नळीच्या तोंडाशी कॉम्पेन्सेटर (वायू वर सोडून तोंड उचललं जाणं कमी करणारा भाग) लावला तरी हेच घडतं, कारण वायूचा काही जोर तिथे खर्ची पडतो. स्लाइडला खिडक्या पाडून ती हलकी केली असेल तर मात्र हिशेब उलटा होतो. आणि बदल करण्याआधी अंगठा स्लाइड स्टॉपवर टेकत नाही ना, हे पाहा. डॉट लावल्यावर पुष्कळांची पकड नकळत वर सरकते.

प्रश्न: जड स्प्रिंगने काडतूस अडकतं म्हणतात. स्लाइड जोरात बंद झाली तर उलट चांगलंच ना?

मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर आणायला वेळ लागतो. स्लाइड तिच्याआधी पोचली तर काडतुसाच्या बुडाऐवजी पाठीवर आदळते किंवा त्याच्या वरून निघून जाते. जुन्या मॅगझिनच्या शेवटच्या दोन-तीन काडतुसांना हे जास्त होतं, कारण तिथे दाब सगळ्यात कमी उरलेला असतो. मॅगझिनची स्प्रिंग बदलून पाहा, मग रिकॉइलकडे वळा.

प्रश्न: स्लाइड फ्रेमवर आदळते तिथे पॉलियुरेथेनचा बफर (मऊ चकती) घालावा का?

सरावात चालेल, स्पर्धेत नको. बफरच्या जाडीइतका स्लाइडचा प्रवास घटतो आणि स्लाइड स्टॉपला खाचेत शिरायला मिळणारी जागा कमी होते. फाटलेल्या बफरचा तुकडा गाइड रॉडखाली (स्प्रिंगच्या आतल्या दांड्याखाली) गेला तर स्लाइड जागीच बसते. घालायचाच असेल तर प्रत्येक सफाईला काढून कडा तपासा.

प्रश्न: .२२ च्या स्पोर्ट पिस्तुलात हलकी स्प्रिंग घालून फायदा होईल का?

ते सोडून द्या. या पिस्तुलांत नळी आणि ब्रीच (चेंबर मागून बंद करणारा भाग) एकमेकांत अडकलेले नसतात. ब्रीच लवकर उघडू नये म्हणून फक्त त्या भागाचं वजन आणि स्प्रिंग असते. स्प्रिंग हलकी केली तर रिकामी केस आधी बाहेर येऊ लागते, ठोका वाढतो आणि मूळ झटकाच इतका कमी असतो की कागदावर काही मिळत नाही. केस नीट बाहेर पडत नसेल तर चेंबरमधलं मेण आणि काजळी साफ करा, काडतुसाचा प्रकार बदलून पाहा.

प्रश्न: स्प्रिंग कधी बदलायची?

५ इंची पिस्तुलाच्या गोल तारेच्या स्प्रिंगला साधारण ३००० गोळ्या धरा. नळी जितकी आखूड तितकी लवकर, कारण स्प्रिंग जास्त आवळली जाते. चपट्या तारेची याच्या कितीतरी पट टिकते. नवी स्प्रिंग पहिल्या शे-दोनशे गोळ्यांत थोडी आखूड होतेच, ती बिघडलेली नसते. त्यानंतरची मोकळी लांबी डबीवर तारखेसह लिहा आणि पुढे तिच्याशी ताडून पाहा. वेढ्यांचं अंतर असमान दिसलं, किंवा केस नेहमीच्या जागेपेक्षा लांब पडू लागल्या, तर आकडा भरण्याची वाट पाहू नका. बदललेली स्प्रिंग किमान १०० गोळ्या चालवूनच स्पर्धेला न्या. १९११ मध्ये घालताना घट्ट बसणारं टोक गाइडच्या बाजूला येऊ द्या.