सूर्यचुलीवर शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक होतील का?

प्रश्न : आमचे मंडळ मध्य प्रदेशातील अलीराजपूर जिल्ह्याच्या फलियांमध्ये, म्हणजे लहान वस्त्यांमध्ये, आरोग्य शिबिरे भरवते. तेथे वीज नसल्याने चिमटे, कात्र्या आम्ही पाण्यात उकळून घेतो. त्याऐवजी घरची पेटीची सूर्यचूल नेली तर चालेल का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : पेटीची सूर्यचूल चालणार नाही, ऊन आरशांनी एका जागी एकवटणाऱ्या तबकडीच्या, म्हणजे पॅराबोलिक सूर्यचुलीवर मात्र हे काम होऊ शकते. कोरड्या उष्णतेने निर्जंतुक करायचे तर १६० अंश सेल्सिअसला दोन तास किंवा १७० अंशांना एक तास लागतो, आणि वरणभात उत्तम शिजवणारी साधी पेटी तेथवर पोहोचत नाही. उकळत्या पाण्याने बहुतेक जंतू मरतात, पण धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली त्यांची सुप्त रूपे, त्यातूनही तगून राहू शकतात. त्यामुळे जखम शिवण्याच्या उपकरणांसाठी तेवढ्यावर विसंबणे आम्हांला योग्य वाटत नाही.

हवी ती दाबाखालची वाफ : १२१ अंश तापमान, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब, आणि सुटी उपकरणे असल्यास २० मिनिटे, कापडात गुंडाळलेली असल्यास ३०. यासाठी विजेविना चालणारा, कुकरच्या घडणीचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणारे बंद पात्र, मिळतो; दाबाचा काटा असलेलाच घ्यावा. १.४ मीटर व्यासाची तबकडी स्वच्छ उन्हात अंदाजे ६०० वॅट उष्णता देते, म्हणजे तीन लिटर पाण्याला उकळी यायलाच अर्धा तास जातो आणि जड पात्र तापायला आणखी वेळ लागतो. उकळी आल्यावर झडप काही मिनिटे उघडी ठेवून आतली हवा पूर्ण बाहेर जाऊ द्यावी, कारण वाफेत हवा मिसळलेली राहिली तर काटा पुरेसा दाब दाखवतो, तापमान मात्र कमीच असते. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. तबकडी दर थोड्या वेळाने सूर्याकडे वळवावी लागते. मध्येच ढग येऊन दाब उतरला, तर आधीची मिनिटे जमेस न धरता वेळ पुन्हा शून्यापासून मोजावी.

त्याआधी रक्त, पू घासून धुतलेले असले पाहिजे, आणि नंतर गुंडाळी पूर्ण वाळली पाहिजे. ओल्या कापडातून जंतू पुन्हा आत शिरतात. गुंडाळीवर लावायची रंग बदलणारी पट्टी केवळ उष्णता लागल्याचे सांगते. खरी खात्री बीजाणूंच्या चाचणीने होते, तेव्हा पहिल्या शिबिरापूर्वी इंदुरातच बीजाणूंची कुपी उपकरणांसोबत पात्रात ठेवून संपूर्ण फेरी करावी आणि ती कुपी प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावी.

ही कल्पना केवळ कागदावरची नाही. शिर्डीच्या प्रसादालयात शेफ्लर नावाच्या, ऊन एकवटणाऱ्या ७३ मोठ्या तबकड्यांच्या वाफेवर स्वयंपाक होतो. तर अमेरिकेतील एमआयटी आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी पारदर्शक एअरोजेल, म्हणजे उष्णता अडवून ठेवणारा अतिशय हलका पदार्थ, वापरून केलेल्या उपकरणाने मुंबईच्या धुरकट हवेतही १२८ अंशांची वाफ दिल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. ते उपकरण आपल्याला आज उपयोगाचे नाही, तबकडी आहे.

पावसाळ्यात मात्र तबकडीचा भरवसा धरू नये. तेच पात्र गॅसच्या शेगडीवर ठेवावे, वेळ आणि दाब तेच. एकदाच वापरायच्या सुया आणि प्लॅस्टिकच्या सिरिंज मात्र कोणत्याही आचेवर पुन्हा वापरण्याजोग्या करू नयेत.